पाच एकर कोरडवाहू आणि मे महिन्याचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाच एकर कोरडवाहू रान. दोन एकर मुरमाड माळ, तीन एकर मध्यम काळी. विहीर फेब्रुवारीत तळ गाठते. आई-वडील गावी, तुम्ही पुण्यात नोकरीला, दोन वर्षांनी परतायचा विचार. एका प्रशिक्षणात ‘एकात्मिक शेती’चा तक्ता मिळाला, त्यात संकरित गाई, शेळ्या, कोंबड्या, शेततळ्यात मासे, डाळिंब, गांडूळखत, अझोला (पाण्यावर तरंगणारी चाऱ्याची वनस्पती) असं सगळं आहे. यातलं आधी काय धरावं, असं तुम्ही विचारलंत.

आधी काहीच धरू नका. एक कागद घ्या आणि मे महिन्यापासून उलटं मोजत या. चांगल्या वर्षाचा मे नाही, २०१२-१३ सारख्या वर्षाचा. त्या मे महिन्यात तुमच्या दावणीला जेवढी तोंडं स्वतःच्या रानातल्या वैरणीवर जगतील, तेवढीच तुमची एकात्मिक शेती. बाकी सगळं उसन्या वैरणीवर आणि टँकरच्या पाण्यावर उभं असतं. मी हे शहाणपणानं सांगत नाही, मार खाऊन सांगतो. २०११ साली माझ्याकडे सहा संकरित गाई होत्या. पाठोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. चारा छावणीत चार महिने मुक्काम झाला, दोन गाई निम्म्या किमतीला गेल्या आणि एक गाभण गाय छावणीतच गमावली. त्या वर्षी शेजारच्या आजींच्या आठ शेळ्या बाभळीच्या शेंगांवर आणि मटकीच्या भुसकटावर टिकल्या. आजींनी कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं.

आता पाण्याचं बघू, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो असं धरलं, तर पाच एकरांवर आभाळातून एक कोटी लिटर पाणी येतं. म्हणजे पाणी पडतच नाही असं नाही. ते चार-सहा जोरदार सरींत पडतं, त्यातलं बरंच परतीच्या पावसात पडतं आणि उताराला वाहून जातं. म्हणून पहिली साठवण जमिनीतच. बांध फुटले असतील तर ते आधी बांधा, सांडव्याला दगड लावा, आणि नांगरट, पेरणी, कोळपणी सगळं उताराला आडवं करा. रब्बीच्या रानात जुलैमध्येच सारा यंत्रानं किंवा बळीराम नांगरानं आडवे-उभे सारे पाडून कप्पे करा, म्हणजे सप्टेंबरचा पाऊस जागच्या जागी मुरतो. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३३ पासून याच गोष्टींवर काम चाललंय, आणि त्यांचं आजचं सांगणंही मुळात हेच आहे. एवढ्या साध्या कामाचा फोटो काढून कोणी पाठवत नाही, म्हणून ते तक्त्यातही येत नाही.

मग शेततळं. लोक ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल खोदतात. त्यात २२ लाख लिटर मावतं, ऐकायला बरं वाटतं. पण ते उन्हाळ्यासाठी राखून ठेवलं तर काय होतं बघा. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची दिवसाला आठ ते दहा मिलिमीटर वाफ होते. अर्ध्या भरलेल्या त्या तळ्यातून रोज सहा हजार लिटरच्या आसपास पाणी नुसतं उडून जातं. दहा शेळ्या आणि एक गावरान गाय मिळून उन्हाळ्यातसुद्धा दिवसाला शंभर लिटर पितात. म्हणजे जनावरांचं दोन महिन्यांचं पाणी सूर्य एका दिवसात पितो. तळ मुरमाचा असला तर पाझर वेगळाच, आणि कागद अंथरला तर त्याचा खर्च वेगळा.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. तळं लहान घ्या, २० बाय १५ मीटर आणि तीन मीटर खोल. त्यात सहा लाख लिटर बसतं. ते पाणी मे महिन्यासाठी जपू नका. ज्वारी पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, पेरणीनंतर पन्नास-पंचावन्न दिवसांनी, दोन एकरांना एक पाणी द्या. पाच सेंटीमीटरचं एक पाणी म्हणजे एकरी दोन लाख लिटर, दोन एकरांचं चार लाख. उरलेलं फळझाडांच्या रोपांना. नोव्हेंबरमध्ये दिलेलं हे पाणी दाण्यात आणि कडब्यात जाऊन बसतं, आणि कडब्याची वाफ होत नाही. मे महिन्यात आपल्याला पाणी कमीच लागतं, लागते ती वैरण. कडब्याच्या गंजीच्या रूपात साठवलेलं पाणी सगळ्यात स्वस्त पडतं. बोअरचं पाणी उपसून तळ्यात भरणं मात्र करू नका. जमिनीखालचं झाकलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं आणि त्याला जलसंधारण म्हणायचं, हा प्रकार द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात भरपूर झालाय.

ज्वारीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण कोरडवाहू भागात साऱ्या जोडणीची कडी ज्वारी आहे आणि तुमच्या प्रश्नात तिचं नावही नाही. माणसाला भाकरी, गाईला कडबा, गोठ्यातलं खत परत रानाला. मालदांडी ३५-१ मध्यम जमिनीला आजही चालते. पातळ रान असेल तर फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्राही चांगली. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, त्यातही ओल पाहून. घाई केली तर खोडमाशी पोंगे (मधले कोवळे शेंडे) मारते, उशीर झाला तर दाणे भरताना ओल संपते. बी एकरी चार किलो, ओळीत दीड फूट अंतर. बियाण्याला गंधक चोळा, म्हणजे कणसावर काणी हा बुरशीचा रोग येत नाही. दोन चाड्यांच्या पाभरीनं बी आणि खत एकदमच पेरा, नंतर वरून खत टाकून कोरड्यात काही उपयोग होत नाही. पीक दाट ठेवू नका, विरळणी करताना हात आखडू नका.

आणि कोळपण्या. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्या आठवड्यात पासेच्या, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. तिसरी कोळपणी तणासाठी नसतेच. तोवर जमिनीला भेगा पडायला लागलेल्या असतात, त्या मातीनं बुजवायच्या म्हणजे आतली ओल उडत नाही. ही तिसरी कोळपणी आता कोणी करत नाही, कारण गड्याला पैसे मोजावे लागतात. पण तळं नसलेल्या माणसाचं ते तळंच आहे.

हलक्या रानात एकरी तीन-चार क्विंटल ज्वारी आणि बारा-चौदा क्विंटल कडबा निघाला तर समाधान मानावं. तुमचं रान मध्यम आहे, एक पाणी मिळालं तर त्याच्या वर जाल. पण हिशेब खालच्या आकड्यावरच करा. दोन एकरांचा पंचवीसेक क्विंटल कडबा धरू.

आता तोंडं मोजू. मोठ्या शेळीला दिवसाला सव्वा किलोच्या आसपास सुका चारा लागतो. दहा शेळ्या आणि त्यांची करडं मिळून पंधरा किलो. फेब्रुवारी ते जून हे पाच महिने माळावर काही नसतं, तेव्हाचे दीडशे दिवस धरले तर साडेबावीस क्विंटल. एक खिलार गाय दिवसाला नऊ-दहा किलो खाते, तिचे पंधरा. एकूण सदतीस-अडतीस क्विंटल. कडबा पंचवीस. तूट बारा-तेरा क्विंटलची.

ही तूट भरून काढायची जागा म्हणजे तुमचा दोन एकर माळ, ज्याला तुम्ही ‘पडीक’ लिहिलंय. आणि तिसरा एकर. तिसऱ्या एकरात खरिपाला बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरी आणि एक ओळ तूर. पाऊस लवकर संपला तर बाजरी हाती लागते, उशिरा पडला तर तूर. बाजरीचं सरमाड गाय खाते, तुरीचं भुसकट शेळी आवडीनं खाते. शेळीला नुसता कडबा टाकला तर ती निम्मा पायाखाली तुडवते, हे अनुभवायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून कडबाकुट्टी घ्या, आणि शेळीसाठी कडधान्याचं भुसकट वेगळं राखा. माळावरचा एक एकर मटकी-हुलग्याला द्या. दाणे घरात, भुसकट शेळीला, मुळांवरच्या गाठी जमिनीला. हुलगा हे गरिबाचं पीक म्हणून हिणवलं गेलं, पण एवढ्याशा पावसावर एवढं परत देणारं दुसरं पीक मला माहीत नाही.

त्याच एकरात मटकीच्या मधोमध झाडं लावा. सीताफळ पाच बाय पाच मीटरवर बसवलं तर एकरात १६० बसतात. मी म्हणेन शंभरच लावा, त्यात साठ सीताफळ आणि चाळीस बोर. सीताफळाचा पाला शेळी खात नाही, हा त्याचा पहिला गुण. बोरीचं कलम पिशवीतलं आणू नका. जागेवरच गावठी बोरीचं बी लावा आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर उमराण जातीचा डोळा भरा. पिशवीत वाढलेल्या रोपाचं सोटमूळ वळलेलं असतं. जागेवर उगवलेलं मूळ सरळ खाली जातं, आणि कोरड्यात झाड वाचतं ते त्याच मुळावर. फळं संपली की एप्रिल-मेमध्ये बोरीची छाटणी असते. फांद्यांवर जो पाला उरलेला असतो तो शेळ्यांना, काटेरी शिऱ्या कुंपणाला, जाड लाकूड चुलीला. नेमक्या टंचाईच्या महिन्यात झाड स्वतः हात पुढे करतं. जोडणी म्हणतात ती अशी, तक्त्यातल्या बाणांसारखी नव्हे. पहिले दोन उन्हाळे शंभर रोपांना आठवड्याला हजारभर लिटर लागेल. ते तळ्यात उरलेलं आणि विहिरीच्या तळाचं मिळून भागतं. बुडाशी मडकी पुरली किंवा पाचोळ्याचं आच्छादन दिलं तर त्याहूनही कमी.

दुसरा माळाचा एकर कुरण म्हणून राखा. मारवेल गवताचे ठोंब आणि स्टायलो या चारापिकाचं बी पावसाच्या तोंडावर लावा. बांधावर बाभूळ, अंजन आणि शेवगा. बाभळीच्या शेंगा मार्च ते मेच्या दरम्यान गळतात, त्या पोत्यात भरून ठेवा, शेळीला ते खुराकासारखंच आहे. अंजन फार सावकाश वाढतो, तुमच्या मुलाला उपयोगी पडेल असं समजून लावा. सुबाभूळ लावलीत तर जपून. तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. रोजच्या चाऱ्यात एक तृतीयांशाच्या वर गेली की शेळीचे केस झडतात आणि ती खंगते. मी एक वर्ष सुबाभळीच्याच जिवावर राहिलो आणि कळपाची दशा बघून घरच्यांनी मला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. या कुरणात ऑक्टोबरपर्यंत एकही शेळी सोडायची नाही. कापून आणून घालायचं. पहिल्या वर्षी कुरण मोकळं सोडलं तर ते कायमचं उघडं पडतं.

शेळी उस्मानाबादीच घ्या. सिरोही, आफ्रिकन बोअर अशी नावं ऐकून भुलू नका. दहा शेळ्या एकदम विकत घेऊ नका, चार घ्या आणि घरच्या पाटी (मादी करडं) राखून वाढवा. बाजारातून आणलेल्या कळपाबरोबर रोग येतात आणि तुमचा हातही बसलेला नसतो. बोकड कळपात कायम ठेवू नका. पहिल्या पावसाचं हिरवं खाऊन जून-जुलैमध्ये शेळ्या माजावर येतात, तेव्हा फळवा. पाच महिन्यांनी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करडं पडतात. तेव्हा मटकी-तुरीचं भुसकट ताजं असतं, आईला दूध येतं, आणि उन्हाळा सुरू होईपर्यंत करडं स्वतः खाण्याजोगी होतात. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते, त्याकडे नजर ठेवून कोणता बोकड थांबवायचा ते ठरवा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध चुकवायचं नाही. पीपीआर या विषाणूच्या रोगाची लस तीन वर्षांतून एकदा. दहा शेळ्यांची वर्षाला पंधरा करडं विकण्याजोगी झाली तर धंदा नीट चाललाय असं समजा. जास्तीचे आकडे सांगणारा सहसा शेळ्या विकायला बसलेला असतो.

कोंबड्या हव्यातच तर वीस-पंचवीस, परसातल्या. गिरिराज किंवा वनराज. मी एकदा ऐंशी पक्षी घेतले, मानमोडीची लस ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून टाळली, आणि आठ दिवसांत साठ पुरले. दोष कोणाचा नव्हता, माझाच होता.

मासे नकोत. रोहू-कटला विकण्याजोगा व्हायला आठ-दहा महिने पाणी लागतं, आणि आपण तर तळ्यातलं बहुतेक पाणी नोव्हेंबरमध्येच ज्वारीला देणार. संकरित गाई नकोत. लोकांना वाटतं त्यांच्या पिण्याच्या पाण्याची अडचण आहे. खरी अडचण गाईमागे रोज पंचवीस-तीस किलो हिरव्या चाऱ्याची, कारण तो उन्हाळाभर बागायतीवरच येतो. मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा, हा त्यावर उपाय आहे, पण मक्यालाही पाणी लागतंच. पुढे कालव्याचं पाणी तुमच्या शिवारात खरोखर आलं, म्हणजे नकाशात नव्हे, पाटात, तर हा हिशेब नव्याने मांडू. डाळिंबाबद्दल मन घट्ट करून सांगतो. सांगोला-आटपाडीत डाळिंबानं बंगले उभे केले हे खरं. तेल्या आणि मर या रोगांनी त्याच बागा उपटायला लावल्या हेही खरं, आणि २०१२-१३ मध्ये टँकरनं बागा जगवताना अनेकांची बँकेतली पत संपली. पुण्यात राहून फोनवर डाळिंब होत नाही.

गांडूळखताच्या बेडला उन्हाळ्यात रोज पाणी मारावं लागतं. तेवढं पाणी रोपांना द्या. साधा खड्डा, वर सावली, थरावर थर आणि पावसाच्या पाण्याची ओल एवढ्यावर चांगलं खत होतं. दहा शेळ्यांचं गोठ्यात पडलेलं लेंडीखत वर्षाला एक ट्रॉली भरतं, ते दर वर्षी एका एकराला द्या आणि पाळी फिरवा. कमी पडलं तर धनगराला बोलवा. आपल्या भागात मेंढरं बसवायची रीत फार जुनी. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले धनगरांचे वाडे (मेंढरांसह फिरते तळ) पावसाच्या तोंडावर परततात तेव्हा दोन रात्री रानात वाडा बसवला की लेंडी आणि मूत जागच्या जागी पडतं, वाहतूक नाही, पसरणं नाही. मोबदला पूर्वी धान्यात, आता बहुतेक पैशात. ‘एकात्मिक शेती’ हा शब्द कोणी छापायच्या आधीपासून दोन घरांमधली ही जोडणी चालत आली आहे. सगळी जनावरं आपल्याच दावणीला हवीत असं कुठे आहे?

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात कुठेच नव्हती, ती मीच विचारतो. हे सगळं रोज करणार कोण? तुम्ही शनिवार-रविवार येणार. वडिलांचं वय तुम्ही साठीच्या पुढे लिहिलंय. म्हणजे शेळ्या आईंच्या. रात्री दोन वाजता अडलेली शेळी सोडवायला आईच उठणार, लग्नकार्याला त्यांनाच जाता येणार नाही. त्यांना विचारलंत का? चार शेळ्या त्या हसत सांभाळतील, दहांना दिवसाचे तीन तास मोडतील. मी पाहिलेल्या बंद पडलेल्या एकात्मिक शेतांपैकी निम्मी पाण्यावाचून नव्हे, माणसावाचून बंद पडली. आणि विक्रीचा पैसा कोणाच्या खात्यावर जाणार हेही आधीच ठरवा. शेळ्या जिच्या हातात, पैसाही तिच्या हातात असला तर कळप वाढतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

क्रम विचाराल तर पहिल्या वर्षी फक्त बांध, कप्पे, ज्वारी, हुलगा-मटकी आणि बोरीचं बी. जनावर एकही वाढवायचं नाही. दुसऱ्या वर्षी तळं आणि चार शेळ्या, त्याही कडब्याची गंज रचून झाल्यानंतर. गंजीच्या आधी शेळी आणली तर फेब्रुवारीत विकाल. तिसऱ्या वर्षी तुम्ही स्वतः आलात तर गाय आणि कोंबड्या, नाही आलात तर चार शेळ्यांवरच थांबा.

अझोलाचं राहिलं. तो वाईट नाही, पण उन्हाळ्यात चाळीस अंशांत सावलीशिवाय तगत नाही आणि वाळवून पाहिलं तर हातात फार थोडं उरतं. त्या खड्ड्याचा प्लास्टिक कागद गंजीवर झाकायला वापरा, वळवाचा पाऊस कडबा काळा करतो.